धुकं आणि चंद्र : एका खेळातल्या कोड्याची चिकित्सा

मागच्या व्याख्यानात आपण बर्कलीपाशी थांबलो होतो. वस्तू कुणाला तरी जाणवते म्हणूनच ती असते, हा त्याचा विचार. व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी मला गाठून विचारलं, "सर, हे तर आता क्वांटम विज्ञानानंच सिद्ध केलंय ना?" त्याचं उत्तर आज मी एका व्हिडिओ गेमच्या आधारानं देणार आहे. (हशा) हसा, हरकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नातीनं गेम खेळायला बसवलं, आणि तो एकाच कोड्यावर चार संध्याकाळी हरला, हे विनोदीच आहे. पण मी का हरलो, ते ऐका.

गेमचं नाव 'आउटर वाइल्ड्स'. २०१९ साली तो आला. अ‍ॅलेक्स बीचम या तरुणाच्या विद्यापीठातल्या प्रबंध-प्रकल्पातून तो वाढला. एक छोटी सूर्यमाला आहे. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्या हाती शस्त्र नाही, आणि जमवलेल्या वस्तूही पुढच्या फेरीत येत नाहीत. येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. नोमाई नावाच्या नामशेष झालेल्या लोकांनी भिंतींवर लिहून ठेवलेलं वाचायचं आणि त्यातून रहस्य उलगडायचं. ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी कानांवर हात ठेवा, कारण मी आता एक कोडं फोडणार आहे.

या सूर्यमालेत एक चंद्र आहे, क्वांटम चंद्र. तो कधी या ग्रहाभोवती दिसतो, कधी त्या. तुमची नजर हटली की त्यानं जागा बदललीच म्हणून समजा. आइन्स्टाइननं एकदा फिरता फिरता अब्राहम पाइस यांना विचारलं होतं, की मी पाहतो तेव्हाच चंद्र असतो असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्या प्रश्नाचंच जणू कोडं केलंय. या चंद्रावर उतरायचं कसं?

मी सरळ त्याच्यावर नजर रोखून यान नेलं. चंद्राभोवती दाट धुकं आहे. त्यात शिरलो आणि पलीकडून बाहेर पडलो, तर चंद्र नाहीच! पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी वैतागून नातीला म्हणालो, "अगं, मी पाहतोच आहे की!" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही धुकं पाहताय. चंद्र नाही."

आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली, आणि हे वाक्य मला नातीकडून ऐकावं लागलं. 'पाहणं' म्हणजे पाहण्याची इच्छा, मनाचा रोख, असं मी धरून चाललो होतो. गेमला माझ्या इच्छेशी देणंघेणं नव्हतं. चंद्राची खबर माझ्यापर्यंत पोचतेय की नाही, एवढंच तो तपासत होता.

उत्तर जायंट्स डीप नावाच्या ग्रहावरच्या एका मनोऱ्यात सापडतं : वस्तूचं चित्र पाहणं हेही वस्तू पाहणंच. म्हणजे चंद्राचा फोटो काढायचा, तो पडद्यावर उघडा ठेवायचा आणि धुक्यात शिरायचं. चंद्र जागचा हलत नाही. उतरता येतं.

पुढची पायरी याच्या बरोबर उलट आहे. चंद्रावर एक छोटं देवघरासारखं दालन आहे. त्यात शिरून दार लावायचं आणि दिवा विझवायचा. पूर्ण अंधारात तुम्ही त्या चंद्राचाच भाग होता, आणि तो जाईल तिथे जाता. हा नियम एम्बर ट्विनच्या एका गुहेत कळतो. तिसरा नियम ब्रिटल हॉलोवरच्या मनोऱ्यात : ते दालन चंद्राच्या उत्तर ध्रुवावर असतानाच सहावी जागा गाठता येते. तिथे कोण भेटतं ते सांगत नाही, तेवढं राहू द्या.

कोडं म्हणून हे पहिल्या प्रतीचं आहे. नियम तीनच, ते तीन वेगळ्या ठिकाणी लिहिलेले, आणि प्रत्येक स्वतः करून पडताळता येतो. चूक केलीत तर चंद्र निघून जातो, कुणी रागावत नाही. विज्ञानाची रीत यापेक्षा चांगली शिकवणारी क्रमिक पुस्तकं मी फार पाहिलेली नाहीत.

रीत बरोबर आहे. भौतिकशास्त्र मात्र अर्धंच बरोबर आहे, आणि माझी तक्रार इथे सुरू होते.

पहिली गोष्ट फोटोची. गेममध्ये फोटो सतत कुणाच्या तरी डोळ्यांसमोर लागतो. तो बंद केला की चंद्र मोकळा. प्रयोगशाळेत असं नसतं. कणाचा मार्ग उपकरणात नोंदला गेला की काम झालं. ती नोंद कुणी वाचली, कपाटात ठेवली की फाडली, त्यानं फरक पडत नाही. दुसरी गोष्ट आकाराची. खऱ्या चंद्रावर सूर्यप्रकाशाचे कण अखंड आदळत असतात. आदळून परत फिरणारा प्रत्येक कण त्याच्या जागेची खबर घेऊन बाहेर पडतो. चंद्राला एका जागी ठरवायला एवढं पुरतं, माणूस लागत नाही. तिसरी गोष्ट 'एन्टँगलमेंट' या शब्दाची. भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ दोन कणांच्या मोजमापांमधला विशिष्ट संबंध. गेममध्ये तो होतो 'सोबत नेणं'.

याचा अर्थ कोडं निराधार आहे असा नाही. १९७७ साली बैद्यनाथ मिश्रा आणि जॉर्ज सुदर्शन यांनी दाखवलं, की एखाद्या क्वांटम अवस्थेचं फार थोड्या थोड्या अवधीनं मोजमाप करत राहिलं तर तिचा बदल थोपतो. त्याला झेनोचं नाव मिळालं, न हलणाऱ्या बाणाचा तोच झेनो. १९९० साली वेन इटानो आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या आयनांवर हे करून पाहिलं. लेसरचे झोत जितके वाढवले तितका बदल रोखला गेला. पाहत राहिलं की हलत नाही, गेमचाच नियम! पण इथे 'पाहणारा' कोण? लेसरचा झोत. त्याला मन नाही आणि इच्छाही नाही.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? कारण अपराध माझाही आहे. 'कुणी पाहत नसेल तर चंद्र नाही' हे वाक्य मी कितीतरी वर्षं वर्गात फेकत आलो. मुलं चमकायची, मला बरं वाटायचं. मग दृष्टिसृष्टिवादाचं नाव घ्यायचो, म्हणजे टाळ्या पक्क्या. दृष्टिसृष्टिवाद ही अद्वैतातली गंभीर भूमिका आहे. तिला तिचे स्वतःचे युक्तिवाद आहेत, क्वांटमची कुबडी नको. गेल्या वर्षी एक जुना विद्यार्थी भेटला. मनाच्या शक्तीनं आजार बरे होतात, अशी शिबिरं घेतो. म्हणाला, "सर, बीज तुमच्याच तासाला पडलं." मी काही बोलू शकलो नाही.

गेम करणाऱ्यांनी आपल्या सूर्यमालेतले नियम प्रामाणिकपणे सांगितले, ते आपल्या जगाला लावा असं ते म्हणत नाहीत. लावले ते मी. तेव्हा ज्यांनी मागच्या वेळी मला तो प्रश्न विचारला, त्यांना माझं उत्तर : नाही, विज्ञानानं बर्कली सिद्ध केलेला नाही. आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'निरीक्षक' हा शब्द ऐकवला, तर एवढंच विचारा : निरीक्षक म्हणजे कोण, माणूस की उपकरण? ते कळेपर्यंत, माझी नात म्हणते तसं, आपण धुकंच पाहत असतो.

आता प्रश्न घेऊ.