‘स्मृतिचित्रे’ आणि भेटीचे वाङ्मय

गेल्या पावसाळ्यात पदवीच्या वर्गापुढे मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. जळगावच्या वर्गात ह्या पुस्तकाचे नेहमीच स्वागत होते. मुले हसतात, काहींचे डोळे भरून येतात, आणि तास संपल्याची घंटा पुष्कळांस ऐकूच येत नाही. त्या दिवशी तास आटोपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती नवापूर तालुक्यातली, म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खानदेशातली व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यातली. तिच्या घरची भाषा मावची, आणि घराणे दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तिने विचारले, “सर, टिळक आणि लक्ष्मीबाई खेड्यातल्या लोकांत जाऊन राहिले, ते लोक त्यांना कसे दिसले, हे बाईंनी लिहिलं. पण खेड्यातल्या लोकांना ती दोघं कशी दिसली, हे कोणी लिहिलं आहे का?”

मी काही बोलण्यापूर्वीच तिने आपल्या आजीची हकीकत सांगितली. आजी लहान असताना त्यांच्या पाड्यावर परदेशी साहेब आणि मडम वर्षातून दोनतीनदा जीपगाडीतून येत. आदल्या दिवशी सगळी अंगणे सारवून होत. साहेब उपदेश करीत, मडम मुलांस चित्रे दाखवी आणि आजाऱ्यांस औषध देई. उपदेशातले आजीला आज काही आठवत नाही. पण एवढे आठवते, की मडम पिण्याचे पाणी आपल्याबरोबर आणी. लोकांनी तांब्या पुढे केला म्हणजे ती गोड हसे, आभार मानी आणि आपल्या बाटलीतले पाणी पिई.

ह्यात त्या मडमेचा दोष काढण्याचे कारण नाही. परक्या हवेत उकळलेले पाणी प्यावे हा शहाणपणाच होय. तथापि साठ वर्षे लोटल्यावरही एका म्हातारीच्या स्मरणात उपदेश न उरता न प्यालेला तांब्या उरावा, ही गोष्ट मला विचार करावयास लावणारी वाटली. ‘स्मृतिचित्रे’ मी आजवर अनेक वेळा वाचले होते. ह्या वेळी तो तांब्या डोळ्यांपुढे ठेवून वाचले.

धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरणाऱ्या पतिपत्नींच्या वृत्तांतांचे एक निराळे वाङ्मयच आहे. त्यास आपण भेटीचे वाङ्मय म्हणू. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम रस्त्याचे हाल, नंतर गावकऱ्यांचे स्वागत, मग प्रार्थना, मग उपस्थितांची संख्या, आणि शेवटी दूरच्या वर्गणीदारांस विनंती. असे लिहिणारे खोटे लिहितात असे मुळीच नव्हे. अडचण निराळीच आहे. हे लेखन ज्यांच्याविषयी असते त्यांच्यासाठी ते नसते. ज्यांच्या पैशावर भेट घडली त्यांच्यासाठी ते असते. म्हणून भेटलेली माणसे त्यात दाखल्यांच्या रूपाने येतात. दाखल्याला तोंड असते, पण त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

मराठीत हा साचा इंग्रजी पुस्तके चाळल्याशिवायही सापडतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ ची. तीत यमुना आणि तिचा पती विनायकराव हे सुशिक्षित, अंतःकरणाने ख्रिस्ती धर्माकडे वळलेले जोडपे महाराष्ट्रात प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते. पुस्तकाचा हेतू थोर आहे, आणि त्या काळी तो हेतू बोलून दाखविण्यास धैर्य लागत होते. परंतु वाचून संपल्यावर त्या विधवांपैकी किती जणी आपल्यास वेगवेगळ्या आठवतात? त्यांची दुःखे लक्षात राहतात. त्या राहत नाहीत. यमुना प्रत्येकीकडे जाते, ऐकते, कळवळते आणि पुढच्या गावास निघते. पुढे पतीच्या मृत्यूनंतर ती स्वतः विधवा होते, तेव्हा कोठे भेट देणारी आणि भेटलेली ह्यांच्यातले अंतर क्षणभर नाहीसे होते. कादंबरीत खरी धग जाणवते ती तेथेच.

त्याच १८५७ साली लंडनमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा आफ्रिकेतील मिशनरी प्रवासांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पत्नी मेरी ही रॉबर्ट मॉफट ह्या मिशनऱ्याची मुलगी. ती आफ्रिकेतच जन्मली व वाढली, आणि तेथील त्स्वाना भाषा लहानपणापासून जाणत होती. पतीबरोबर तिने लेकरांसह वाळवंटाचे प्रवास केले, आणि १८६२ मध्ये झांबेझी नदीच्या काठी शुपांगा येथे ती मरण पावली. पतीच्या त्या भल्या मोठ्या ग्रंथात तिच्या वाट्यास फारच थोडी जागा आली आहे. म्हणजे जोडप्याच्या भेटींचा वृत्तांत बहुधा एकट्या पतीचाच असतो, आणि पत्नीही त्यात भेट दिलेल्या लोकांप्रमाणेच मागच्या रांगेत बसते.

आफ्रिकेची ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबईस आणीत, आणि त्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात होई. त्यांतलेच विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे पुढे पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या रबाई गावी ख्रिस्ती मंडळीची सेवा करू लागले, आणि १८८५ मध्ये त्यांस दीक्षा मिळाली. शरणपूरचाच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात त्याच्याबरोबर होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. ह्या वेनराइटने स्वतःची रोजनिशी लिहून ठेवली आहे. ज्याच्याविषयी इतरांनी लिहावयाचे, त्याने लेखणी हाती धरल्याचे हे एक उदाहरण. आणि ती लेखणी धरावयास तो आपल्या गोदाकाठी शिकला होता.

आता ‘स्मृतिचित्रां’कडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे परत आलेल्या लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नगर व राहुरी येथे ह्या दांपत्याचे आयुष्य ज्या ख्रिस्ती समाजात गेले, तो बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेल्या गोरगरिबांचा होता. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात असलेल्या मुलाने आईपाशी आठवणी मागितल्या, आणि त्यांतून १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांचे हे पुस्तक झाले. अखेरचा भाग पुरा होण्यापूर्वीच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. म्हणजे येथे साचा आरंभीच उलटला आहे. पती लिहितो आणि पत्नी कोपऱ्यात बसते, असे न होता पत्नी लिहिते आणि आपल्या कीर्तिमान पतीला आपल्या ओसरीवर बसवून त्याच्याकडे पाहते.

परंतु एवढ्यावरूनच पुस्तकाचे मोठेपण ठरत नाही. लक्ष्मीबाई भेट देणाऱ्यांच्या बाजूस गेल्या त्यापूर्वी त्या स्वतः भेटलेल्यांच्या बाजूस होत्या, हे खरे मर्म. ज्याचे मन वळवावयाचे असे माणूस ह्या घरात पहिल्याने कोण होते? स्वतः लक्ष्मीबाईच. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड पुस्तकाच्या आरंभी आले आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, असे ते घर. अशा घरची मुलगी ख्रिस्ती पतीच्या घरी राहावयास आली तेव्हा तिने आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते चालू दिले. मग दिवसेंदिवस तिच्या मनात वाद चालला, आणि जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे असा निकाल तिने आपल्यापाशीच लावला. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय तिने बाप्तिस्मा घेण्यापूर्वी केला, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. धर्मांतर मागाहून आले. आधी पाण्याचा प्रश्न सुटला.

माझ्या विद्यार्थिनीच्या आजीचा तांब्या येथे मला पुन्हा दिसला. त्या मडमेप्रमाणे लक्ष्मीबाईही आपले पाणी आपल्याबरोबर घेऊनच आल्या होत्या. एकीचे कारण आरोग्याचे, दुसरीचे सोवळ्याचे. समोरच्या माणसास मात्र दोन्ही तांबे सारखेच दिसतात. फरक असा, की लक्ष्मीबाईंनी आपला तांब्या कसा खाली ठेवला हे लिहून ठेवले, आणि लिहिताना स्वतःस यत्किंचितही सोडले नाही.

येथे आपल्या टीकाकारांशी माझा थोडा मतभेद आहे. ‘स्मृतिचित्रां’विषयी बोलताना ‘भाबडेपणा’, ‘सहजता’, ‘निर्मळ विनोद’ हे शब्द आपण इतके वापरले आहेत, की लक्ष्मीबाईंस जणू काय लिहीत आहोत ह्याची कल्पनाच नव्हती असे वाटावे. मला हा विनोद भाबडा वाटत नाही. तो कोणावर रोखला आहे ते पाहावे. सोवळ्याने गांजलेल्या घरावर, हाती पैसा टिकू न देणाऱ्या पतीवर, आणि सर्वांत अधिक स्वतःच्या अज्ञानावर व हट्टावर. त्यांच्या दाराशी आलेल्या दरिद्री माणसांवर तो सहसा रोखलेला नाही. दुसऱ्यास सुधारावयास निघालेला मनुष्य स्वतःला हसू शकत नाही, हा भेटीच्या वाङ्मयाचा मुख्य रोग; लक्ष्मीबाईंचा विनोद हे त्यावरचे औषध आहे. ज्या बाईला आपण कालपर्यंत कोण होतो ह्याची आठवण आहे, तिला समोरच्यास दाखला करता येत नाही.

आम्हां खानदेशकरांस ह्याचे एक घरचे प्रमाण आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. त्या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांस थक्क केले, आणि तो ‘बालकवी’ झाला. टिळक त्या संमेलनास होते. पुढे हा मुलगा त्यांच्या नगरच्या घरी राहावयास गेला. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्याच्यावरचे लक्ष्मीबाईंचे प्रेम त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. त्याच्याविषयीची त्यांची पाने म्हणजे मराठीतील उत्कृष्ट व्यक्तिचित्रांपैकी एक होय. लहरी, रुसका, प्रेमासाठी आसुसलेला असा तो मुलगा त्या पानांत चालताबोलता दिसतो. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्या स्थानकावरून जाताना मला त्याच्या कवितांच्या आधी लक्ष्मीबाईंची ती पानेच आठवतात.

आणि नेमके येथेच माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न टोचू लागतो. बालकवी व्यक्ती म्हणून उभा राहिला. टिळक, मुले, सासर, माहेर ही सर्व उभी राहिली. परंतु राहुरीच्या आसपासच्या मंडळ्यांतली जी महारमांग कुटुंबे, त्यांच्यापैकी किती जण बालकवीइतके उभे राहतात? लक्ष्मीबाई त्यांस हसत नाहीत, त्यांच्यावर उपकाराची भाषा करीत नाहीत, त्यांच्या हातचे पाणी पितात. तरी ती माणसे पुष्कळदा घोळक्याने येतात आणि घोळक्यानेच जातात. पुस्तकाचा उजेड टिळकांच्या घरात आहे; उंबऱ्याबाहेर तो पडतो, पण फार लांब जात नाही. हा लक्ष्मीबाईंचा अपराध म्हणता येणार नाही. त्या आपल्या संसाराची गोष्ट सांगावयास बसल्या होत्या, आणि जे स्वतः पाहिले, सोसले तेवढेच लिहावयाचे हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु ज्या पुस्तकाने मराठी भेटीच्या वाङ्मयास सर्वांत खरे वळण दिले, त्यासही ही मर्यादा आहे, हे इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. मी स्वतः टिळकांच्या ओसरीवर बसूनच ते पुस्तक वाचीत होतो. ती मुलगी अंगणातून वाचीत होती.

अंगणातली माणसे लिहू लागली म्हणजे काय होते हे मराठीने पुढे पाहिले आहे. बेबीताई कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, आणि महारवाड्याच्या आतून महारवाडा कसा दिसतो हे वाचकांस कळले. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांची वाट बाबासाहेबांनी दाखविलेली. परंतु लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाशेजारी ते पुस्तक ठेवून वाचले तर दोन्ही पुस्तके अधिक कळतात, असा वर्गातला माझा अनुभव आहे. शांता गोखले ह्यांनी २०१७ मध्ये ‘स्मृतिचित्रां’चे समग्र इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यापासून बाहेरचे वाचकही लक्ष्मीबाईंकडे नव्याने पाहू लागले आहेत. त्यांनी तिची केवळ कौतुकाने पाठ थोपटू नये. तिच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेरही पाहावे.

नवापूरकडच्या पाड्यांवर आज मंडळ्या आहेत, त्यांचे पाळक त्यांच्याच भाषेतले आहेत, आणि भेट देणारे साहेब व मडम आता आजीच्या आठवणीत उरले आहेत. त्यांनी आपल्या देशी धाडलेली पत्रे कोठल्या तरी कपाटात जपलेली असतील. आजीची बाजू मात्र आजीबरोबर जाईल. म्हणून मी त्या मुलीस सांगितले, की आजी सांगते ते सर्व लिहून काढ, तांब्यासकट. तिने विचारले, “मावचीत लिहू की मराठीत?” मी म्हटले, आजी ज्या भाषेत बोलते त्या भाषेत लिही, मराठीचे आपण दोघे बसून मागाहून पाहू.