कच्चा खर्डा

मी लेखक आहे ही गोष्ट पेणहून रोह्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीतल्या चार माणसांना ठाऊक आहे. त्यांतले दोघे हल्ली डबा बदलून बसतात. तिसरा कासू आलं की डोळे मिटतो आणि नागोठणं गेल्यावर उघडतो. चौथ्याला ऐकू कमी येतं. तो मात्र प्रत्येक लेखाला 'वा!' म्हणतो.

राहतो पेणला, नोकरी रोह्याच्या बँकेत. बी. कॉम., हुद्दा कारकून, वय पंचेचाळीस. लेखन कसं सुधारावं आणि छापून कसं आणावं, हे शिकवणारी जेवढी पुस्तकं मिळाली तेवढी मी पदरमोड करून वाचली. त्यांत एकंदर तीन गोष्टी असतात : भरपूर वाचा, रोज लिहा, वाचक डोळ्यांसमोर ठेवा. पहिल्या दोन खर्चाच्या नाहीत. तिसरीची मात्र पंचाईत. माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर जे वाचक असतात ते पासबुक घेऊन रांगेत उभे असतात, आणि त्यांना फक्त शेवटची ओळ वाचायची असते.

छापून आणण्याबद्दल म्हणाल, तर एका प्रकाशकांनी माझं हस्तलिखित वाचून ते 'अत्यंत दर्जेदार' असल्याचं कळवलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात, तीनशे प्रती मी स्वतः घेतल्यास दर्जा आणखी खुलेल असा आशय होता. आयुष्य खतावणीत गेलेला माणूस मी. माझ्या नावे पडलेली रक्कम मला पहिल्या नजरेत दिसली. पत्र फाइलला लावलं.

"पण बँकेत राहूनही लिहिता येतं," मी घरी म्हणालो. "रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केलाच ना?"

"ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते," बायको म्हणाली. "तुम्ही पासबुकं छापता."

मुद्दा बिनतोड होता. (१९४३ ते १९४९. मी पडताळून पाहिलं. गव्हर्नरच होते.) म्हणून मी रोह्याचा नाद सोडून पेणकडे वळलो. पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबांचा जन्म झाला, १८९५ साली. आणि इथं मी माझं समीक्षेतलं एकुलतं एक मत नोंदवून ठेवतो : लेखन कसं सुधारावं यावर मराठीत जे सर्वांत उत्तम पुस्तक आहे त्याचं नाव 'गीताई'. त्यात लेखनाविषयी एक अक्षर नाही ही गोष्ट वेगळी.

हकीकत अशी. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. मुलानं मराठी पद्यातली गीता आणून दिली, तर तीही जड जाऊ लागली. तेव्हा माउलीनं, तूच का करत नाहीस, असं विचारलं. आई १९१८ साली गेली. विनोबा गीताई लिहायला बसले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि पुरी झाली ६ फेब्रुवारी १९३१ला. म्हणजे बारा वर्षांनी फेडलेलं देणं. आमच्या बँकेनं हे खातं केव्हाच बुडीत धरलं असतं.

पण मला खरा चटका लावला तो पुढच्या भागानं. पुस्तक पुरं झाल्यावर विनोबांनी ते तडक छापायला दिलं नाही. आश्रमातल्या लहान मुलींच्या वर्गाला ते शिकवलं. मुली कुठे अडतात ते टिपून घेतलं आणि तिथले शब्द बदलले. मग १९३२ साली ती छापली गेली. आता बघा, ज्या माणसानं तरुणपणी केलेल्या कविता मनासारख्या उतरल्या की अग्नीला आणि काशीत असताना गंगेला अर्पण केल्या, म्हणजे पोस्टाचं तिकीटही न लावता 'साभार परत' करून टाकल्या, तो माणूस पोरींच्या अडखळण्यापुढे लेखणी खाली ठेवतो. (मीही एकदा वही घेऊन भोगावतीच्या पुलावर उभा राहिलो होतो. पण उन्हाळा होता. वही कोरड्या दगडावर, कुणालाही वाचता येईल अशी पडली असती.)

गीताईत दोष नाहीतच असं मी म्हणणार नाही. सातशे श्लोकांना सातशे श्लोक, हिशेब पैचाही चुकवायचा नाही, या हट्टामुळे काही ओळी इतक्या आवळल्या गेल्या आहेत की श्वास घ्यायला जागा नाही. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ती मला जास्त ऐसपैस वाटतात. तिथं विनोबा बोलतात, गीताईत मोजतात. पण मोजलेला शब्दही लहान मुलीच्या तोंडात बसला पाहिजे, ही अट त्यांनी घातली. मी अशी अट कधी घातली नव्हती. माझी अट एकच, संपादकांना भारी वाटलं पाहिजे.

म्हणून मी एका रविवारी माझा सर्वांत आवडता लेख काढला आणि आईसमोर बसलो. आईचं शिक्षण चौथी. उभा जन्म तिनं पेणमध्ये लोकांचे पापड लाटून दिले, किलोमागे ठरलेल्या दरानं. माझं शिक्षण त्यातच झालं. लेखाचं नाव होतं 'आमच्या मातोश्रींचे पापड'. गाडीत चौथ्या माणसानं त्याला दोनदा वा म्हटलं होतं.

मी वाचू लागलो. हसण्याच्या जागी थांबलो. आई हसली नाही. दुसऱ्या जागी थांबलो. आई माझ्याकडे बघत होती. रणरणत्या उन्हात गच्चीवर पापड राखत बसलेल्या मातोश्री आणि त्यांचं कावळ्यांशी घनघोर युद्ध, हे माझं सर्वांत गाजलेलं वर्णन आलं.

"रणरणत्या उन्हात पापड घालतं का कोणी?" आई म्हणाली. "तडकतात ते. सावलीत घालायचे. तू काय बघितलंस रे इतकी वर्षं?"

मी म्हटलं, "अगं, ते विनोदासाठी."

"आणि मी अशी बोलते?"

लेखात मातोश्री 'मेल्या कावळ्या' वगैरे म्हणत होत्या. आईनं जन्मात कुणाला मेल्या म्हटलेलं नाही. ती भाषा मी कुठल्या तरी नाटकातून उचलली होती. मी मान हलवली.

"मग ही कोण बाई?" आई म्हणाली आणि डाळ निवडायला उठली.

माझ्या लेखनावर आजवर झालेली ही पहिली समीक्षा. दोन दिवस मी वही उघडली नाही. बायकोनंही काही विचारलं नाही, यावरून प्रकरण गंभीर आहे हे माझ्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी रात्री लेख पुन्हा लिहायला घेतला. कावळे काढले. ऊन काढलं. मग लेखात जवळजवळ काहीच उरेना, तेव्हा आईला विचारत बसलो. डांगर कोण कुटायचं, लाटी केवढी, दिवसाला किती किलो. तिनं सांगितलं. मध्येच म्हणाली, तुझ्या बी. कॉम.च्या फीच्या वेळी उजवा खांदा धरला होता, तर डाव्या हातानं लाटायला शिकले. पण ते पापड जरा वाकडे यायचे, मग मालकाला कळू नये म्हणून चळतीत मधे घालायची.

हे सांगताना ती हसली. मी लिहून घेतलं.

लेख आता दीड पानांचा झाला आहे. गेल्या आठवड्यात एका दिवाळी अंकाकडे पाठवला. अजून उत्तर नाही. आईला पुन्हा वाचून दाखवला, तेव्हा ती मधेच एकदा थांबवून म्हणाली, "चळतीचं काढून टाक. मालक अजून आहेत."