नियोजनाकडून अंमलबजावणीकडे : आरोग्यातील लोकसहभागाची चिकित्सा

सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे संमत झालेल्या जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क व कर्तव्यही मानले. त्यानंतरच्या शासकीय योजना पाहता या विधानातील ‘अंमलबजावणी’ टिकली आणि ‘नियोजन’ मात्र हळूहळू गळून पडले, असे दिसून येते. लोकसहभाग म्हणजे नेमका कशातला सहभाग, हा प्रश्न म्हणूनच आवश्यक ठरतो.

या संदर्भात जामखेडचा दाखला नेहमी दिला जातो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात हा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या बालकाला साखर-मिठाचे पाणी, लसीकरण हे ज्ञान दवाखान्यातून उंबरठ्यापर्यंत आले. वैद्यकाने आपल्या विद्येवरील मक्तेदारी सोडली, हे या प्रयोगाचे खरे मर्म होय.

तथापि जामखेडच्या गौरवगाथेत एक गोष्ट पुरेशी तपासली जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या जागा दलित वस्तीतच निवडल्या जाव्यात, हा आग्रह आरोळे दांपत्याचा होता. त्यामुळे सवर्णांना पाण्यासाठी त्या वस्तीत जावे लागले. गावावर सोपविले असते तर जागा कोठे ठरली असती, हे सांगण्यास फारशा कल्पनाशक्तीची गरज नाही. ‘समुदाय’ हा एकसंध नसतो. त्याचा निर्णय म्हणजे पुष्कळदा त्यातील बलिष्ठांचा निर्णय असतो. लोकसहभागाचे भाबडे समर्थक येथेच अडखळतात. जामखेडचे यश लोकेच्छेचे जितके, तितकेच ते बाहेरून आलेल्या एका न्यायबुद्धीचेही आहे.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातीलच स्त्री हे सूत्र ‘आशा’ योजनेत स्वीकारले. साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली. परंतु तिला कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले आणि मोबदला कामागणिक ठरविला. कोणते काम मोजायचे, हे वरून ठरते. मोजलेले काम नोंदवहीतून वर जाते. गावाला काय हवे, हे त्या नोंदवहीत लिहिण्यास जागा नाही. महाराष्ट्रातील आशांनी २०२१ व २०२३ मध्ये संप केले, त्यांत मोबदल्याचा प्रश्न अग्रभागी होता. तो निव्वळ पैशाचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे होय. शासनाने ज्याला सहभाग म्हटले, त्याला त्या श्रम म्हणत होत्या.

याउलट २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीने नागरिकाला प्रश्नकर्त्याच्या जागी बसविले. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा वा लाल रंग देऊन प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांकडे उत्तर मागायचे, ही पद्धत आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मिळच. केंद्रावर गैरहजर राहणारा वैद्यकीय अधिकारी किंवा बाहेरून औषधे आणण्यास लावणारी चिठ्ठी यांविषयी येथे उघड विचारणा होऊ शकते. रिक्त पदांविषयीही होते. मात्र ती भरण्याचा अधिकार सुनवाईच्या मंडपात बसलेल्यांपैकी कोणाकडेही नसतो.