काव्याचा बहुमाध्यमी प्रयोग : शब्दप्रतिमा आणि पडद्यावरील चित्र

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून अलीकडे कवितेचे बहुमाध्यमी प्रयोग होऊ लागले आहेत. काव्यवाचन, त्याला वाद्यांची साथ आणि मागे पडद्यावर बदलत जाणारी चित्रे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. या प्रयोगांची चर्चा बहुधा संयोजनाच्या यशापयशापुरती मर्यादित राहते. पडद्यावरील चित्र कवितेच्या अर्थाचे नेमके काय करते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांवर विद्यार्थ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सभागृहात सादर केलेल्या प्रयोगाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रयोगाचे मार्गदर्शन प्रस्तुत लेखकाकडे होते. त्यामुळे पुढे नोंदविलेल्या उणिवांची जबाबदारीही त्याचीच आहे.

परंपरेचा संदर्भ

शब्द, स्वर आणि चित्र यांचा संयोग मराठी मुलखाला नवा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जोपासलेल्या चित्रकथीत हाताने रंगविलेले एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगितल्या जातात. याउलट, १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे काव्यगायन किंवा पुढील काळातील विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांचे काव्यवाचन केवळ आवाजाच्या बळावर उभे राहिले.

या दोन परंपरांतील भेद महत्त्वाचा आहे. चित्रकथीतील काव्य कथनपर असते. युद्ध, वनवास, हरण असे प्रसंग त्यात घडतात आणि चित्र तो प्रसंगच दाखविते. भावकवितेत मात्र अर्थाचा भार बहुधा उपमा-रूपकांवर असतो. तेथे चित्राने काय दाखवावे, उपमेय की उपमान, हा पेच निर्माण होतो.

प्रयोगातील अनुभव

बहिणाबाई (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. घरकाम व शेतकाम करता करता त्यांनी रचलेल्या ओव्या पुत्र सोपानदेव यांच्यासह घरच्या मंडळींनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांची मनाविषयीची कविता प्रयोगात केंद्रस्थानी होती. तीत मनाला पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराची उपमा दिली आहे. आम्ही पडद्यावर उभ्या पिकातील बैलाचे छायाचित्र दाखविले. प्रेक्षकांनी माना डोलावल्या. परंतु त्यांनी पाहिला तो बैल. हाकलले तरी पुन्हा पिकाकडे वळणारे मन त्या छायाचित्रात नव्हते. उपमान डोळ्यांपुढे ठाकले आणि उपमेय मागे पडले. याच कवितेत मन खसखशीच्या दाण्याएवढे होते आणि लगेच आभाळातही मावेनासे होते. ऐकणारा हे अंतर क्षणात ओलांडतो. पडद्यावर मात्र आधी एक दाणा आणि मग आभाळ अशी दोन सुटी चित्रे दिसली. विस्तारणारी वस्तू एकच आहे, ही जाणीवच हरवली.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. बहिणाबाईंच्या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. प्रेक्षकांना सोपे जावे म्हणून आम्ही पडद्यावर ओळी प्रमाण लेखनात उमटविल्या. कविता म्हणणारी विद्यार्थिनी खानदेशातील होती व ती घरच्या उच्चारांत म्हणत होती. वाचलेले आणि ऐकलेले जुळेना, तेव्हा सभागृहात हशा पिकला. पुढच्या कवितेपासून तिने आपले उच्चार प्रमाण भाषेकडे वळविले. ज्या कवयित्रीने अक्षराविना काव्य रचले, तिच्याच कवितेत पडद्यावरील अक्षर हे शुद्धतेचे माप ठरले आणि तिची बोली ही चूक ठरली.

फेरप्रयोग

दुसऱ्या प्रयोगात उपमानांची चित्रे व पडद्यावरील ओळी काढून टाकल्या. कठीण बोलीशब्दांचे अर्थ प्रारंभीच छापील पत्रकाद्वारे दिले. पडद्यावर पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत मंदपणे बदलणारा प्रकाश तेवढा ठेवला आणि जात्याची घरघर केवळ दळणाच्या ओव्यांपुरती वापरली. प्रयोगानंतर प्रेक्षकांनी विचारलेले प्रश्न शब्दांविषयी होते. पहिल्या खेपेस ते छायाचित्रांविषयी होते. दोन प्रयोगांचा आधार व्यापक सिद्धान्तासाठी अपुरा असला, तरी हा फरक दखल घेण्याजोगा वाटतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कथनपर काव्यात चित्र साहाय्यक ठरू शकते. प्रतिमाप्रधान काव्यात ते प्रतिमेची जागा घेण्याचा धोका असतो. तेथे दृश्यमाध्यमाने काळ, स्थळ आणि वातावरण सुचवावे; उपमा श्रोत्याकडे सोपवावी. बोलीतील काव्य सादर करताना प्रमाण लेखन पडद्यावर आणू नये. तंत्राची निवड ही अशा प्रयोगांत वाङ्मयीन निवडही असते आणि तिचा भार अखेरीस मंचावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला सोसावा लागतो. फेरप्रयोगात त्याच विद्यार्थिनीने सर्व कविता घरच्या उच्चारांत म्हटल्या. त्या वेळी कोणी हसले नाही.