वेचलेली माहिती आणि पारखलेला पुरावा : वंशावळीच्या आज्ञावलींमधील संकेतस्थळ-संकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

घराण्याचा इतिहास जुळविण्याचे काम पूर्वी घरातील कागदपत्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्या आधारे चालत असे. संगणकाच्या आगमनानंतर या कामाचे स्वरूप पालटले. अमेरिकेत १९८९ मध्ये आलेली ‘फॅमिली ट्री मेकर’ ही आज्ञावली या बदलाचे ठळक उदाहरण होय. तिच्या पुढील आवृत्त्यांमध्ये संकेतस्थळावरील मजकूर थेट वेचण्याची सोय आली. आज्ञावलीच्या आतच संकेतस्थळ उघडावे, नाव किंवा जन्मतारीख यांवर खूण करावी आणि ती माहिती संबंधित व्यक्तीच्या रकान्यात जोडावी, अशी ही पद्धत आहे. प्रस्तुत लेखात या सोयीचे संशोधनपद्धतीच्या अंगाने परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

सोयीचे मोल

प्रारंभीच हे मान्य केले पाहिजे की, या सोयीने एक जुना दोष दूर केला. हाताने उतरवून घेताना अंक चुकतात, आडनावाचे वर्णलेखन बदलते आणि माहिती कोठून घेतली हे लिहिण्याचे राहून जाते. वेचणीच्या पद्धतीत मजकूर जसाच्या तसा येतो आणि त्यासोबत संकेतस्थळाचा पत्ताही नोंदविता येतो. संकेतस्थळे बंद पडतात, पाने बदलतात. अशा वेळी पानाची प्रत जपून ठेवण्याची व्यवस्था संशोधकाला साहाय्यभूत ठरते. त्यामुळे या साधनाला सरसकट नाकारणे योग्य होणार नाही. आक्षेप आहे तो वेचण्याच्या कृतीलाच संशोधन समजण्याच्या वृत्तीवर.

तारीख सुटी होते तेव्हा

वेचणीचे एकक म्हणजे एक सुटी बाब : एक नाव, एक तारीख, एक गाव. ही बाब ज्या वाक्यात होती ते वाक्य मात्र मागे राहते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जुन्या कालगणनेनुसार त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१ रोजी, तर नव्या गणनेनुसार २२ फेब्रुवारी १७३२ रोजी झाला. इंग्लंड व त्याच्या वसाहतींमध्ये नवी कालगणना १७५२ मध्ये लागू झाली; तेव्हा ११ दिवस वगळण्यात आले आणि वर्षारंभ २५ मार्चऐवजी १ जानेवारीला आला. म्हणजे दोन तारखा असल्या तरी घटना एकच आहे. परंतु दोन संकेतस्थळांवरून या तारखा वेचणाऱ्याच्या वंशावळीत दोन परस्परविरोधी नोंदी तयार होतात. त्यांपैकी एक ‘चुकीची’ म्हणून पुसली जाण्याचा संभव असतो. येथे चूक यंत्राची नाही. तारखेला संदर्भापासून तोडण्याची आहे.

संख्येचा आभास

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एका वंशावळीतील विधान दहा जणांनी वेचले की दहा आधार असल्याचा भास होतो. वस्तुतः आधार एकच असतो आणि तोही कदाचित खोटा. गुस्ताव आंजू (१८६३–१९४२) याने अमेरिकेतील धनिकांसाठी बनावट वंशावळी रचल्या. त्या ग्रंथालयांत पोहोचल्या आणि पुढे संगणकीय वंशवृक्षांतही उतरल्या. रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही त्याची बनावट वाढत राहिली, कारण प्रत्येक नव्या संग्राहकाने आधीच्या संग्राहकाचा हवाला दिला.

वंशावळीच्या देवाणघेवाणीसाठी १९८४ पासून प्रचलित असलेल्या ‘गेडकॉम’ या संरचनेत पुराव्याची प्रत ० ते ३ अशा अंकांत नोंदविण्याची तरतूद आहे. तथापि हा रकाना ऐच्छिक असल्याने तो कोरा ठेवूनही नोंद पूर्ण होते. साधनात विवेकाला जागा आहे, पण विवेकाची सक्ती नाही. अमेरिकेतील एलिझाबेथ शोन मिल्स यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात मूळ साधन व त्यापासून निघालेले साधन यांतील भेदावर जो भर दिला, तो येथे मार्गदर्शक ठरतो. अनुक्रमणिकेतील नाव म्हणजे मूळ नोंद नव्हे. ते कोणीतरी केलेले वाचन असते.

मराठी घराण्यांच्या संदर्भात

मराठी अभ्यासकाला ही भूमिका अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर चिकित्सा करून अस्सल पत्रांचे महत्त्व प्रस्थापित केले. संकेतस्थळावरील वंशवृक्ष ही आजच्या काळातील बखरच होय. ती टाकाऊ नाही, पण तपासल्याखेरीज ग्राह्यही नाही.

आपल्याकडील दत्तकाची प्रथा या प्रश्नाला आणखी एक परिमाण देते. कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज या नावाने इतिहासात अजरामर झाले. ‘वडील’ या एका रकान्यात त्यांच्यासंबंधीची माहिती वेचली, तर एका संकेतस्थळावरून घाटगे घराणे आणि दुसऱ्यावरून भोसले घराणे हाती येईल. दोन्ही विधाने आपापल्या अर्थाने खरी आहेत. गेडकॉममध्ये जन्माचे व दत्तकाचे नाते वेगळे दाखविता येते; परंतु ते दाखवायचे आहे हे वेचणाऱ्याला आधी कळले पाहिजे. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात, किंवा माहेरची नोंद कायमची हरवते. घराण्याच्या इतिहासात स्त्री आधीच अर्धी दिसते; निष्काळजी वेचणीने ती पूर्णपणे अदृश्य होण्याचा धोका आहे.

समारोप

महाविद्यालयीन प्रकल्पांमध्ये विद्यार्थी आपल्या घराण्याचा इतिहास लिहितात, तेव्हा या साधनांचा वापर स्वागतार्ह आहे. मात्र मार्गदर्शकांनी काही पथ्ये आवर्जून घालून द्यावीत. वेचलेली प्रत्येक बाब प्रथम स्वतंत्र टिपणात ठेवावी, वंशवृक्षात नव्हे. पत्त्यासोबत पाहिल्याची तारीख आणि पानाची प्रत जपावी. मूळ कागदाची प्रतिमा उपलब्ध असल्यास अनुक्रमणिकेवर थांबू नये. दोन विधाने विरोधी असतील तर एक पुसण्याऐवजी विरोधाची कारणमीमांसा लिहावी. हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीवाचून प्रसृत करू नये.

वेचणे ही संशोधनाची पहिली पायरी आहे. निवडणे आणि पाखडणे त्यानंतर येते. आज्ञावली पहिले काम क्षणात करते, दुसरे मात्र आपल्यावर सोपविते. ते आपण केले नाही, तर चुकीच्या पूर्वजांना आपले म्हणणारी आणि आपल्या माणसांना विसरणारी वंशावळ आपण पुढच्या पिढीच्या हाती देऊ, आणि ती सुबक छापलेली असल्यामुळे तिच्याविषयी कोणाला शंकाही येणार नाही.