विशेषणांविना निषेध

निषेधाचे वाङ्मय म्हटले की मराठी वाचकाच्या कानांत आधी अग्रलेख घुमतो. टिळकांच्या 'केसरी'पासून आपल्याला लेखकाचा संताप वाक्यावाक्यातून ऐकण्याची सवय लागली आहे. त्या सवयीने 'चालू घडामोडींचा वृत्तांत' हे सोव्हिएत रशियातील गुप्त नियतकालिक वाचायला घेतले, तर पहिल्या काही पानांतच निराशा पदरी पडते. नाव, व्यवसाय, अटकेची तारीख, कायद्याचे कलम, शिक्षेची वर्षे. आणि लगेच पुढची नोंद. संपादकाचे मत नाही, आवाहन नाही, शापवाणी तर नाहीच. हा कोरडेपणा वाङ्मयीन उणीव मानायची की जाणीवपूर्वक केलेली निवड, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

पहिल्या अंकावर ३० एप्रिल १९६८ ही तारीख आहे. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष मानवी हक्क वर्ष म्हणून जाहीर केले होते. अंकाच्या माथ्यावर जाहीरनाम्याचे १९ वे कलम, म्हणजे मतस्वातंत्र्याचे कलम, छापले होते. आत गालान्स्कोव, गिन्झबुर्ग आणि त्यांच्या दोन साथीदारांवरील खटल्याची आणि त्याविरुद्ध पत्रे लिहिणाऱ्यांवर झालेल्या कारवाईची हकिगत होती. 'छापले' हा शब्दही सैलपणे वापरला. पातळ कागदांत कार्बन घालून टंकयंत्रावर एका वेळी पाच-सात प्रती निघत. ज्याला प्रत मिळे तो पुन्हा टंकून पुढे देई. बातमी उलट वाटेने येई : ज्याच्याकडून अंक मिळाला त्यालाच ती सांगायची, त्याने त्याच्या आधीच्याला. वाचकच टंकलेखक, वितरक आणि वार्ताहर होता. साखळीतल्या पलीकडच्या माणसाची ओळख नसताना मजकुराला एकच कसोटी लावता येत होती : तो पडताळता येतो का?

या कसोटीला कायद्याचीही बाजू होती. १९६६ मध्ये रशियन दंडसंहितेत आलेल्या एका कलमाने राज्यव्यवस्थेची बदनामी करणारा 'हेतुपुरस्सर खोटा' मजकूर पसरवणे गुन्हा ठरवले. तेव्हा अचूकपणा हाच बचाव. 'वृत्तांत' मागील अंकांतल्या चुका पुढच्या अंकांत दुरुस्त करत असे. परंतु केवळ सावधगिरीने या भाषेचा उलगडा होत नाही, कारण सावधगिरीने कोणी वाचले नाही. जीवशास्त्रज्ञ सर्गेई कोवाल्योव यांना डिसेंबर १९७५ मध्ये विल्नियसच्या न्यायालयाने सात वर्षे छावणीची आणि तीन वर्षे हद्दपारीची शिक्षा दिलीच.

मला वाटते, खरे कारण समोरच्या भाषेत आहे. सरकारी वृत्तपत्रांत विशेषणांचा सुकाळ होता. तिथे माणूस 'निंदक' किंवा 'फितूर' म्हणूनच अवतरत असे. 'वृत्तांता'ने त्याच माणसाला नाव, वय आणि पेशा परत दिला. खटला 'खुला' असल्याची नोंद होई आणि तिच्या शेजारी कोणाकोणाला दारातच अडवले त्यांची नावे येत. दोन तथ्ये शेजारी ठेवली की उपरोध आपसूक घडे, लेखकाला काही बोलावे लागत नसे.

ही भाषा घडवणारी पहिली संपादक नताल्या गोर्बानेवस्काया ही कवयित्री होती, हे विसरता येत नाही. २५ ऑगस्ट १९६८ रोजी चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ ती तान्ह्या मुलाला बाबागाडीत घेऊन लाल चौकात उतरली होती. डिसेंबर १९६९ मध्ये तिला अटक झाली आणि पुढे मनोरुग्णालयात डांबण्यात आले. फेब्रुवारी १९७२ मध्ये ती सुटली. त्या काळात संपादणारे हात बदलले, वाक्य बदलले नाही.

तरीही या भाषेवर एक आक्षेप उरतोच. शिस्तबद्ध नोंदींच्या गर्दीत भीती, घर, मागे राहिलेली मुले नाहीशी होतात. माणूस का मोडतो हे तर इथे कळतच नाही. १९७२ अखेर अंक थांबला, कारण गुप्तचर खाते धमकावत होते : प्रत्येक नव्या अंकामागे अटका होतील. पुढच्या वर्षी याकीर आणि क्रासिन या दोघा कार्यकर्त्यांनी न्यायालयात आणि पत्रकारांपुढे कबुलीजबाब दिले. मे १९७४ मध्ये कोवाल्योव, तात्याना वेलिकानोवा आणि तात्याना खोदोरोविच यांनी राहिलेले अंक उघडपणे, स्वतःच्या नावानिशी वितरणास दिले. त्या वेळी 'वृत्तांता'ला प्रथमच स्वतःविषयी बोलावे लागले : आपल्या निर्णयाची किंमत दुसरा मोजणार असेल तर लिहावे का? त्यांचे उत्तर असे होते, की गप्प राहणे म्हणजे माणसे ओलीस धरण्याच्या नीतीला हातभार लावणे. या उत्तराने प्रश्न मिटत नाही. वेलिकानोवा यांना १९७९ मध्ये अटक झाली. ज्यांची संमती कोणी विचारली नव्हती असेही काही पकडले गेले असतील. पण प्रश्न लपवला गेला नाही, यात मला या गद्याची उंची दिसते.

१९८३ पर्यंत साठांहून अधिक अंक निघाले. दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेने हा वारसा पुढे चालवला, तर डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती संस्थाच बंद करण्याचा आदेश दिला. नाव, तारीख, कलम एवढ्याच ऐवजाचे सत्तेला इतके भय वाटत असेल, तर त्याच्या कोरडेपणाला उणीव म्हणणे आता कठीण आहे.