‘उपलब्ध’ ह्या शब्दाचा करारातील अर्थ

क्लाउड संगणनातील सेवास्तर-करारांची चर्चा बहुधा टक्केवारीपाशीच थांबते. टक्केवारी हे केवळ परिमाण होय. ते कशाचे, हे ‘उपलब्ध’ हा शब्द ठरवितो. बदलत्या गरजेप्रमाणे करार बदलला की नाही, हे म्हणून ह्या शब्दाच्या व्याख्येवरून पाहिले पाहिजे. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ सेवेचा करार ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऑक्टोबर २००८ मधील पहिल्या कराराने वर्षाकाठी ९९.९५ टक्के उपलब्धतेची हमी दिली. सर्व्हर ‘अनुपलब्ध’ ठरण्यास त्याचा बाह्य संपर्क तुटणे आणि बदली सर्व्हर सुरू करता न येणे आवश्यक होते. सर्व्हरला जोडलेली ईबीएस ही साठवण ह्या व्याख्येबाहेर राहिली. २१ एप्रिल २०११ रोजी उत्तर व्हर्जिनियातील केंद्रांत नेटवर्कचा एक बदल चुकला व अनेक ग्राहकांच्या साठवणीतील वाचन-लेखन खुंटले. सर्व्हर चालू, संपर्कही शाबूत. दुकान उघडे, परंतु कोठाराचे कुलूप निघेना! तरीही व्याख्येप्रमाणे असा सर्व्हर ‘उपलब्ध’च होता. कंपनीने बाधित विभागातील ग्राहकांना दहा दिवसांच्या वापराची सूट दिली. पण ते औदार्य होते, कराराचे बंधन नव्हे.

२०१३ च्या सुधारित करारात साठवणीचा समावेश झाला आणि वर्षाऐवजी महिना हे मोजमाप आले. ९९.९५ टक्के हा आकडा तोच राहिला. पण वर्षाला सुमारे २६३ मिनिटांच्या खंडाची जी मुभा होती, ती तीस दिवसांच्या महिन्यात २१.६ मिनिटांवर आली. २०१८ मध्ये टक्केवारी ९९.९९ झाली व तिचा गाजावाजा अधिक झाला. आमच्या मते महत्त्वाची सुधारणा २०१३ चीच. कारण तीत आकडा नव्हे, अर्थ बदलला.

तथापि दोन उणिवा उरतात. भरपाई ग्राहकाच्या हानीवर नव्हे, त्याच्या बिलावर मोजली जाते. दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे: व्याख्या बदलण्याचा अधिकार पुरवठादाराकडेच राहतो, ग्राहकास फार तर पूर्वसूचना मिळते. ज्याचे शब्द एकच पक्ष बदलू शकतो, त्यास करार म्हणावे काय?

लक्षावधी ग्राहकांसाठी वेगवेगळ्या व्याख्या करणे अशक्य आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु संपर्क, वाचन-लेखन, प्रतिसादाचा विलंब अशा मोजक्या व्याख्यांतून निवड करण्याची व गरज पालटल्यास ती बदलण्याची मुभा देणे अशक्य नाही. ‘उपलब्ध’ हे ‘लभ्’, म्हणजे मिळणे, ह्या धातूपासून झालेले रूप आहे. काय मिळाले, हे सांगण्याचा पहिला अधिकार घेणाऱ्याचा असतो; करारांनी तो अद्याप देणाऱ्याकडेच ठेवला आहे.